बॅच कशाने गेली? रेशीम संगोपनातील मरीची कारणनिहाय मोजणी

रेशीम शेतकऱ्याच्या नोंदवहीत अंडीपुंजांची संख्या, चॉकी आल्याची तारीख, पाल्याच्या फेऱ्या, कोषांचे वजन आणि मिळालेला भाव या सर्वांसाठी रकाने असतात. मेलेल्या अळ्यांसाठी मात्र बहुधा एकच रकाना असतो आणि तोही बॅच संपल्यावर अंदाजाने भरला जातो. ‘मर १५ टक्के’ किंवा ‘मर ३० टक्के’ एवढ्या नोंदीवर पुढील बॅचचे निर्जंतुकीकरण, औषधखरेदी आणि विस्तार कार्यकर्त्याचा सल्ला या तिन्ही गोष्टी ठरतात. किती अळ्या गेल्या हे त्या आकड्यावरून कळते. त्या कशाने गेल्या आणि कोणत्या अवस्थेत गेल्या हे कळत नाही. वास्तविक पुढील बॅचचा निर्णय या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरच अवलंबून असतो.

संख्याशास्त्रात या प्रश्नासाठी स्वतंत्र विचारपद्धती आहे. एका जिवावर एकाच वेळी अनेक धोके टपलेले असतात आणि त्यांपैकी जो आधी गाठतो तो उरलेल्यांची संधी संपवतो, अशा परिस्थितीच्या अभ्यासाला ‘स्पर्धी जोखमींचे विश्लेषण’ म्हणतात. वैद्यकीय संशोधनात ही पद्धत रूढ झाली आहे. शेतीसल्ल्यात ती अभावानेच दिसते. रेशीम उद्योगासारख्या क्षेत्रात, जिथे एका महिन्याच्या आत हजारो जिवांचा हिशेब पूर्ण होतो, तिथे तिची उणीव विशेष जाणवावी.

एक अळी, पाच वाटेकरी

म्हैसूर येथील केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६१ पासून कार्यरत आहे. सीएसआर-२, सीएसआर-४ यांसारखे बायव्होल्टाइन वाण, व्ही-१ ही तुतीची जात, ‘विजेता’ ही संगोपन शय्येवर धुरळण्याची भुकटी, अशी या संस्थेची अनेक देणी महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या नित्य वापरात आहेत. म्हैसूर प्रदेशाची मूळची ‘प्युअर म्हैसूर’ जात काटक होती. परंतु तिच्या कोषात रेशीम कमी निघे. बायव्होल्टाइन संकर अधिक आणि उत्तम प्रतीचे रेशीम देतात. मात्र ते नाजूक असतात. उत्पन्न वाढले तशी जोखमीची गणितेही गुंतागुंतीची झाली.

शंभर अंडीपुंजांतून साधारण चाळीस ते पन्नास हजार अळ्या निघतात. यांतील प्रत्येक अळीवर किमान पाच वाटेकरी हक्क सांगत असतात. पहिला पेब्रिन, हा मादी पतंगाकडून अंड्यात उतरतो. दुसरा ग्रासेरी, विषाणूमुळे होणाऱ्या या रोगात अळी सुजते, शय्येच्या कडेने भटकते आणि त्वचा फुटून दुधासारखा द्रव बाहेर येतो. तिसरा फ्लॅचेरी, यात अळी मऊ पडते, पाला सोडते, आणि निकृष्ट पाला व प्रतिकूल तापमान यांमुळे या रोगाला बळ मिळते. चौथा मस्कार्डिन; थंड व दमट हवेतील या बुरशीने अळी कडक होऊन पांढरी पडते. पाचवी उझी माशी. ही अळीच्या अंगावर अंडी घालते आणि तिची अळी आत शिरून पोसली जाते. पश्चिम बंगालातून आलेली ही माशी १९८० साली कर्नाटकात पोहोचली आणि तेथून पुढे पसरली.

या पाचांचे वेळापत्रक सारखे नाही. अंडीपुंजातून आलेला तीव्र पेब्रिन बहुधा कोवळ्या वयातच अळ्या नेतो. उझीचा प्रादुर्भाव मुख्यतः प्रौढ अवस्थेत होतो. उशिरा बाधित झालेली अळी कोषही विणते, पण माशीची अळी तो भोकसून बाहेर पडते आणि कोष वाया जातो. ग्रासेरीचा मोठा तडाखा अनेकदा पाचव्या अवस्थेत, म्हणजे एकूण पाल्याचा सर्वांत मोठा हिस्सा खर्ची पडल्यावर बसतो. म्हणून कोणत्या कारणाने, या प्रश्नाला कोणत्या अवस्थेत, हा प्रश्न जोडलेलाच असतो.

जुना प्रश्न

हा विचार नवा नाही. डॅनिएल बर्नुली या गणितज्ञाने १७६० साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक हिशेब मांडला. देवी हा रोग समूळ नाहीसा झाला तर माणसाचे सरासरी आयुर्मान किती वाढेल, असा त्याचा प्रश्न होता. देवीने मरणारी सर्व मुले दीर्घायुषी होतील असे त्याने धरले नाही. देवीतून वाचलेले मूल पुढे अन्य रोगांच्या तावडीत सापडू शकते, हे त्याने हिशेबात घेतले आणि लाभ सुमारे तीन वर्षांचा निघेल असे दाखवले. स्पर्धी जोखमींच्या गणिताचा आरंभ या प्रबंधापासून मानला जातो.

पुढे शंभर वर्षांनी हाच धडा रेशीम अळीने शिकवला. फ्रान्समधील रेशीम उद्योग पेब्रिनने मोडकळीस आला तेव्हा १८६५ साली लुई पाश्चर अलेस या गावी गेले. अंडी घातल्यानंतर मादी पतंग सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची आणि रोगबीजे आढळल्यास तिची अंडी नष्ट करायची, ही त्यांची पद्धत आजही प्रत्येक ग्रेनेजमध्ये पाळली जाते. परंतु निर्दोष ठरलेल्या पतंगांच्या काही बॅचही मरू लागल्या, तेव्हा पद्धतच खोटी ठरते की काय अशी शंका उत्पन्न झाली. उलगडा असा झाला की रोग एक नसून दोन होते. पेब्रिन दूर झाला तिथे फ्लॅचेरी उघडी पडली. दोन्ही रोगांची मर एकाच आकड्यात मोजली जात होती तोवर योग्य उपायही अपयशी भासत होता.

एक काल्पनिक हिशेब

हा मुद्दा आकड्यांतून अधिक स्पष्ट होतो. पुढील आकडे कोणत्याही प्रयोगातील नाहीत; ते केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा, चॉकी केंद्रातून आलेल्या १००० अळ्या तिसऱ्या अवस्थेत आहेत. तिसऱ्या अवस्थेत ग्रासेरी दहा टक्के अळ्या नेते, म्हणजे १००. उरल्या ९००. चौथ्या अवस्थेत पुन्हा दहा टक्के, म्हणजे ९०. उरल्या ८१०. पाचव्या अवस्थेत उझी माशी वीस टक्के अळ्या बाद करते, म्हणजे १६२. हाती आले ६४८ कोष. ग्रासेरीने एकूण १९० आणि उझीने १६२ अळ्या गेल्या.

आता शेतकऱ्याने काटेकोर निर्जंतुकीकरण केले आणि ग्रासेरी पूर्णपणे थांबली असे धरू. स्वाभाविक अपेक्षा अशी की १९० कोष अधिक मिळतील. प्रत्यक्षात १००० अळ्या पाचव्या अवस्थेत पोहोचतात आणि उझी त्यांतील वीस टक्के, म्हणजे २०० बाद करते. कोष मिळतात ८००. लाभ १५२ चा झाला, १९० चा नव्हे. वाचलेल्या १९० अळ्यांपैकी ३८ उझीच्या वाट्याला गेल्या.

येथे दोन चुकीचे निष्कर्ष निघण्याचा धोका आहे. पहिला असा की, औषधाने सांगितल्याएवढा गुण दिला नाही. दुसरा त्याहून घातक: गेल्या बॅचमध्ये उझीने १६२ गेल्या होत्या, या बॅचमध्ये २०० गेल्या, म्हणजे नव्या भुकटीने उझी वाढवली. गावोगावी अशा समजुती रुजतात आणि चांगले औषध बदनाम होते. माशीचा जोर तसूभरही वाढलेला नसतो. तिच्या वाट्याला अधिक अळ्या जिवंत राहिलेल्या असतात, एवढेच.

संशोधन अहवालातील हीच चूक

असा गैरसमज शेतकऱ्यापुरता मर्यादित नाही. जीवितकालाच्या अभ्यासात १९५८ पासून कॅप्लन-मायर पद्धत सर्वत्र वापरली जाते. ज्याचे निरीक्षण मध्येच थांबले, त्याला पुढील मोजणीतून वगळायचे, पण उरलेल्यांना जो धोका आहे तोच त्यालाही राहिला असता असे धरायचे, हे या पद्धतीचे तत्त्व आहे. अळी तपासणीसाठी प्रयोगशाळेत नेली असेल तर हे तत्त्व योग्य ठरते. ती शय्येवर राहिली असती तर तिला उझी लागू शकली असती. ग्रासेरीने मेलेल्या अळीला मात्र उझी कधीच लागणार नाही. तिला ‘निरीक्षणातून निसटलेली’ मानणे म्हणजे मेलेल्या अळीवरही माशीचा हक्क कायम ठेवणे होय.

वरील उदाहरणात या पद्धतीने उझीची जोखीम वीस टक्के निघते. प्रत्यक्षात मूळच्या १००० अळ्यांपैकी १६.२ टक्केच उझीने गेल्या. ग्रासेरीची जोखीम १९ टक्के. दोन्हींची बेरीज ३९ टक्के होते, तर खरी एकूण मर ३५.२ टक्के आहे. कारणे दोन होती म्हणून तफावत थोडी राहिली. पाच कारणे असतील तर अशा आकड्यांची बेरीज शंभराच्या पुढेही जाऊ शकते, आणि तरीही प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे वाचणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही.

यावर उपाय उपलब्ध आहे. प्रत्येक कारणाने मूळ संख्येपैकी किती जीव कोणत्या दिवसापर्यंत गेले, याचे संचयी प्रमाण काढण्याची रीत सुस्थापित आहे. या रीतीत सर्व कारणांची बेरीज एकूण मरीइतकीच येते. फाइन आणि ग्रे यांनी १९९९ साली मांडलेले प्रारूप या संचयी प्रमाणावर जात, हंगाम, उपाय यांचा परिणाम तपासते. ही साधने संगणकाच्या सामान्य संख्याशास्त्रीय प्रणालींत आहेत. अडचण साधनांची नाही. प्रश्न कोणता विचारायचा, हे ठरवण्याची आहे.

प्रश्न दोन आहेत आणि दोन्ही आवश्यक आहेत. औषध त्या रोगावर गुणकारी आहे का, हा संशोधकाचा प्रश्न. त्यासाठी जिवंत अळ्यांपैकी किती अळ्या त्या रोगाने जात आहेत, हा कारणनिहाय दर पाहावा लागतो. औषध वापरल्यावर शंभर अंडीपुंजांमागे किती अधिक कोष हाती येतील, हा शेतकऱ्याचा प्रश्न. त्यासाठी संचयी प्रमाण आणि अंतिम कोषसंख्या पाहावी लागते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी छापले की शिफारस आकर्षक दिसते आणि शेतकऱ्याचा हिशेब चुकतो.

म्हैसूरची शिफारस, मराठवाड्याचे शेड

हा भेद महाराष्ट्रासाठी विशेष महत्त्वाचा आहे. जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर या भागांत तुतीची लागवड वाढली आहे. कोष रामनगरच्या बाजारात नेण्याची पूर्वीची सक्ती जालन्यासारख्या बाजारपेठांमुळे सैल झाली आहे. तंत्रज्ञान मात्र मुख्यतः म्हैसूरहून येते आणि म्हैसूरची हवा सौम्य आहे. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर जातो; प्रौढ अळीला मात्र पंचवीस अंशांच्या आसपासचे तापमान मानवते.

मघाचेच उदाहरण पुढे नेऊ. ग्रासेरीवरील तोच उपाय, तेवढाच गुणकारी. परंतु शेड असे की पाचव्या अवस्थेत उष्णतेने बळावलेली फ्लॅचेरी आणि उझी मिळून निम्म्या अळ्या नेतात. उपायापूर्वी ८१० पैकी ४०५ कोष मिळत होते. उपायानंतर १००० पैकी ५०० मिळतील. लाभ ९५ कोषांचा. सौम्य हवेच्या ठिकाणी तोच लाभ १५२ होता. औषध बदललेले नाही, त्याची मात्राही बदललेली नाही. पुढे उभ्या असलेल्या धोक्यांनी लाभ कमी केला. अशा ठिकाणी निर्जंतुकीकरण अनावश्यक ठरते असा याचा अर्थ नव्हे. छतावर पाचटाचे आच्छादन, हवा खेळती ठेवणे, ओलसर गोणपाट, दर्जेदार पाला आणि दारे-खिडक्यांना जाळी या गोष्टी त्याच्या जोडीला आल्या नाहीत, तर निर्जंतुकीकरणावरील खर्चाचे पूर्ण मोल मिळत नाही, हा त्याचा अर्थ होय.

म्हणून कोणत्याही उपायाची शिफारस करताना ‘मर इतक्या टक्क्यांनी घटते’ हे एकटे वाक्य अपुरे आहे. ती मर कोणत्या कारणाची होती, त्या प्रयोगात इतर कारणांनी किती अळ्या गेल्या आणि दर दहा हजार अळ्यांमागे कोष किती मिळाले, हे तिन्ही आकडे शिफारशीसोबत असले पाहिजेत. तिसरा आकडा रेशीम संशोधनात पूर्वीपासून नोंदवला जातो. पहिल्या दोहोंची जोड मिळाली तर परभणीच्या कृषी विद्यापीठातील संशोधकाला आणि अंबड तालुक्यातील शेतकऱ्याला म्हैसूरचा निष्कर्ष आपल्या परिस्थितीत किती लागू पडेल, याचा अंदाज घेता येईल.

गणिताची मर्यादा

एक सावधगिरी आवश्यक आहे. वरील हिशेबात एक गृहीतक दडलेले आहे: ग्रासेरीतून वाचलेली अळी इतर अळ्यांइतकीच सुदृढ असते. प्रत्यक्षात निकृष्ट पाल्यावर वाढलेली अशक्त अळी ग्रासेरीलाही सहज बळी पडते आणि फ्लॅचेरीलाही. एका रोगातून तिला वाचवले तरी दुसरा तिला गाठण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी लाभ १५२ हूनही कमी भरेल.

केवळ मरीच्या नोंदी पाहून हे धोके परस्परांपासून स्वतंत्र आहेत की गुंतलेले, हे ठरवता येत नाही, असे त्सियाटिस या संख्याशास्त्रज्ञाने १९७५ साली सिद्ध केले. नोंदी कितीही वाढवल्या तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. म्हणूनच ‘एक रोग नाहीसा झाला तर काय होईल’ याचे कागदी उत्तर अंतिम मानू नये. एकाच शेडमध्ये, एकाच चॉकीच्या अळ्यांवर, काही रॅकवर उपाय करून आणि काहींवर न करून शेवटी कोष मोजणे, ही त्याची खरी कसोटी. रोग पसरणारे असल्याने दोन गटांत पुरेसे अंतर आणि वेगळी साधने ठेवणे ओघाने आलेच.

नोंद कशी ठेवावी

पन्नास हजार अळ्यांतील प्रत्येक मेलेली अळी कोण मोजणार, हा आक्षेप रास्त आहे. फांदी पद्धतीत मेलेल्या अळ्या पाल्याखाली दडतात, हेही खरे. परंतु सर्व अळ्या मोजण्याची गरजच नाही. शेडच्या वेगवेगळ्या भागांत, दाराजवळ, मध्यभागी, वरच्या व खालच्या खणांत, प्रत्येकी दोनशे अळ्यांचे चार-पाच चौकोन आखून तेवढ्याच अळ्यांची रोज सकाळी पाहणी केली तर पुरेसे चित्र मिळते. इतर ठिकाणाहून अळ्या आत येणार नाहीत, एवढी दक्षता मात्र हवी.

दुसरा आक्षेप निदानाचा. प्रत्येक शेतकऱ्याला कारण ओळखता येईलच असे नाही, आणि एका अळीत दोन रोगही असू शकतात. यासाठी नोंदीत ‘कारण अनिश्चित’ हा रकाना प्रामाणिकपणे ठेवावा. दुधाळ द्रव, मऊ पडलेले काळपट शरीर, कडक पांढरे शरीर, अंगावरील काळा डाग या चार खुणांवरून बऱ्याच अळ्यांचे कारण सांगता येते. पेब्रिनसाठी सूक्ष्मदर्शकाला पर्याय नाही. तपासणीसाठी नेलेल्या अळ्या ‘मर’ या सदरात न घालता वेगळ्या दाखवाव्यात. हरवलेल्या अळ्यांचेही तसेच. उझीची नोंद कोष काढल्यानंतरही चालू ठेवावी, कारण भोक पडलेला कोष ही त्या माशीच्या खात्यावरील हानी आहे.

अशा नोंदीचा आणखी एक उपयोग आहे. बॅच फसली की शेतकरी अंडीपुंजांना दोष देतो, अंडीपुंज पुरवणारा चॉकीला आणि चॉकीवाला शेतकऱ्याच्या शेडला. कोणाकडेच अवस्थानिहाय आकडे नसल्याने वाद मिटत नाही, आणि नुकसान मात्र ज्याने पाला कापला त्याच्या अंगावर राहते. तिसऱ्या अवस्थेतच मर सुरू झाली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेब्रिनची बीजे दिसली, तर शोध बीजाकडे वळेल. मर पाचव्या अवस्थेत, दुधाळ द्रवासह, दमट कोपऱ्यातील खणांत दिसली, तर शेडच्या स्वच्छतेकडे. नोंद असेल तर जबाबदारी अंदाजावर राहत नाही.

ही रीत रेशमापुरतीही नाही. डाळिंबाच्या बागेत मर रोगाने वाळलेल्या झाडाला तेलकट डागाचे नुकसान मोजता येत नाही. गोठ्यातील गाय आजाराने दगावते किंवा त्याआधी विकली जाते. तिथेही एक घटना दुसरीची वाट बंद करते.

विस्तार यंत्रणेने येत्या हंगामात एवढे तरी करावे: संगोपन पत्रकातील ‘मर’ या एका रकान्याच्या जागी ग्रासेरी, फ्लॅचेरी, मस्कार्डिन, उझी, इतर व अनिश्चित असे रकाने आणि प्रत्येकासमोर अवस्थेची नोंद. संशोधन संस्थांनी आपल्या शिफारशींसोबत कारणनिहाय संचयी प्रमाण छापावे. प्रगतिशील शेतकऱ्यांनी औषध विक्रेत्याला आणि सल्लागारालाही एक साधा प्रश्न विचारावा: या उपायाने ज्या अळ्या वाचतील, त्यांतील किती कोषापर्यंत पोहोचतील? ज्या शिफारशीकडे या प्रश्नाचे उत्तर नाही, तिच्यावर पूर्ण बॅच लावण्यापूर्वी दोन-चार रॅकवर ती पारखून पाहणे शहाणपणाचे ठरेल.